स्वॅब फक्त आईचाच का?

गरोदर बाईच्या शरीरात कुठले जंतू आहेत हे शोधायला आपल्याला फार आवडतं. ती ज्या खोलीत बाळंत होणार आहे, त्या खोलीत कुठले जंतू आहेत हे शोधायला आवडत नाही. माझं सगळं भांडण या दोन वाक्यांत आलं. वेळ नसेल तर एवढंच घेऊन गेलात तरी चालेल. वेळ असेल तर थांबा, कारण या भांडणात आकडे आहेत आणि मॅटर्निटी पॅकेज विकणारं कुणी ते तुम्हाला वाचून दाखवणार नाही.

विषय आहे ग्रुप बी स्ट्रेप्टोकोकस. इंग्रजी आद्याक्षरं जीबीएस. पुण्यात जीबीएस म्हटलं की २०२५च्या जानेवारीतला सिंहगड रोड, विहिरीचं पाणी आणि गुलेन बॅरी सिंड्रोम आठवतो. हा तो नव्हे. हा एक गोल, माळेसारखा दिसणारा जीवाणू आहे. त्याच्या शास्त्रीय नावातला 'अगॅलॅक्शिए' हा शब्द दूध आटण्यावरून आला, कारण तो आधी गाईंच्या कासदाहात सापडला. गावाकडे ज्याला दगडी म्हणतात तो आजार. माणसात तो आतड्यात आणि योनिमार्गात निवांत राहतो. जगभरात साधारण १८ टक्के गरोदर स्त्रियांमध्ये तो असतो, दक्षिण आशियात १२ ते १३ टक्के. त्या बाईला काहीही होत नाही. हा लैंगिक आजार नाही, अस्वच्छतेचं लक्षण तर मुळीच नाही. आज असतो, दोन महिन्यांनी नसतो, पुन्हा येतो.

भानगड बाळंतपणात होते. अशा आईच्या साधारण निम्म्या बाळांच्या अंगावर तो जातो आणि त्यातल्या थोड्या बाळांच्या रक्तात, फुप्फुसात किंवा मेंदूच्या आवरणात शिरतो. पहिल्या काही तासांत बाळ कण्हायला लागतं, दूध ओढत नाही, श्वास जोरात चालतो. १९७०च्या दशकात अमेरिकेत अशा बाळांपैकी निम्म्यापर्यंत दगावत असत.

त्यानंतर अमेरिकेने जे केलं ते खरंच कौतुकाचं आहे. १९८६ साली शिकागोच्या बॉयर आणि गोटॉफ यांनी दाखवून दिलं की कळा सुरू असताना आईला शिरेतून अँपिसिलिन दिलं तर बाळ वाचतं. १९९६ मध्ये सीडीसीने पहिली मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००२ मध्ये सगळ्याच गरोदर स्त्रियांची चाचणी करायची असं ठरलं. आता ती ३६व्या ते ३७व्या आठवड्यात करतात. १९९०च्या सुरुवातीला दर हजार जन्मांमागे १.७ ते १.८ बाळांना पहिल्या आठवड्यातला हा आजार व्हायचा. तो आकडा ०.२५ च्या आसपास आला. औषध कुठलं, तर पेनिसिलिन.

आता थोडं गणित करू. इंजिनियरिंगची चार वर्षं कुठेतरी कामाला आली पाहिजेत. अमेरिकेतली दहा हजार बाळंतपणं घ्या. त्यांतल्या सुमारे अडीच हजार बायका पॉझिटिव्ह येणार आणि अडीच हजार सलाइनच्या बाटल्यांमधून पेनिसिलिन जाणार. चाचणी नसताना १८ बाळं आजारी पडली असती, आता दोन-तीन पडतात. म्हणजे पंधरा बाळं वाचवायला अडीच हजार बायकांना प्रतिजैविक. माझ्या मते हा सौदा चांगला आहे. ब्रिटनला तो तितका चांगला वाटत नाही. त्यांच्याकडे सरसकट चाचणी नाही. आधीच्या बाळाला आजार झाला होता का, आईला ताप आहे का, कळा दिवस भरण्याआधीच सुरू झाल्या का, असे धोके बघून औषध देतात. त्यांचा आकडा २०१५च्या सुमारास दर हजारी ०.५७ होता, म्हणजे अमेरिकेच्या दुप्पट. या धोरणाविरुद्ध तिथले पालक अनेक वर्षं लढतायत, आणि ऐंशीच्या आसपास रुग्णालयांत जीबीएस-३ नावाची मोठी चाचणीही त्यासाठीच हाती घेतली गेली. त्या भांडणात मी पालकांच्या बाजूने आहे.

तर मग भारतात का नको?

हा प्रश्न आता दर दुसऱ्या कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतो. न्यू जर्सीची वहिनी विचारते, "तुझा ग्रुप बी स्ट्रेप केला का? इकडे सगळ्यांचा करतात." इन्स्टावरची एखादी मॉम इन्फ्लुएन्सर हॉस्पिटल बॅगच्या व्हिडिओत स्वॅबचं नाव घेते. दोन महिन्यांत कॉर्पोरेट हॉस्पिटलच्या गोल्ड पॅकेजमध्ये ती ओळ येते आणि प्लॅटिनममध्ये तर आधीपासून असतेच. वहिनीचा हेतू चांगलाच आहे. पण तिच्या देशात हा जंतू नवजात बाळांच्या जंतुसंसर्गाचं सगळ्यात मोठं कारण होता. आपल्या देशात पहिला नंबर कुणाचा?

हे बऱ्यापैकी नीट मोजलं गेलंय. २०११ ते २०१४ या काळात दिल्लीतल्या तीन मोठ्या सरकारी रुग्णालयांत एक अभ्यास झाला. डेनिस त्याचं नाव, २०१६ मध्ये लॅन्सेट ग्लोबल हेल्थमध्ये छापून आला. ८८,६३६ जिवंत जन्म, त्यातली १३,५३० बाळं अतिदक्षता विभागात. त्यातल्या १४.३ टक्के बाळांना सेप्सिस. कल्चरमध्ये काय सापडलं? असिनेटोबॅक्टर २२ टक्के, क्लेबसिएला १७ टक्के, ई. कोलाय १४ टक्के. जीबीएस पहिल्या तिनात सोडाच, खूप खाली होता. आणि दोन तृतीयांश संसर्ग जन्मानंतर ७२ तासांच्या आत झालेले.

पाठ्यपुस्तक सांगतं की पहिल्या ७२ तासांतला संसर्ग म्हणजे आईकडून आलेला. पाठ्यपुस्तक बोस्टनमध्ये बसून लिहिलं असेल तर ते खरंही असेल. पण असिनेटोबॅक्टर हा काही बाईच्या योनिमार्गात बिऱ्हाड करून राहणारा जंतू नव्हे. तो सिंकमध्ये राहतो, सक्शनच्या नळीत राहतो, व्हेंटिलेटरच्या पाण्यात राहतो, हात न धुता एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या हातांवर राहतो. शिवाय दिल्लीतले ८२ टक्के असिनेटोबॅक्टर एकाच वेळी अनेक प्रतिजैविकांना दाद न देणारे होते. आईच्या पोटातून आलेल्या साध्यासुध्या जंतूला एवढे डावपेच माहीत नसतात. ते हॉस्पिटलात राहून शिकावे लागतात.

इथे प्रामाणिकपणे दुसरी बाजू मांडते, कारण "भारतात जीबीएस नाहीच" असं म्हणून हात झटकणारे डॉक्टरही आहेत आणि त्यांना माझ्याकडून दारूगोळा मिळायला नको. जीबीएसने आजारी पडणारी बाळं फार लवकर आजारी पडतात. जन्मल्यावर सहा-आठ तासांत, कधी कधी घरी किंवा वाटेतच, ती जातात. त्यांचं रक्त कल्चरच्या बाटलीत पोहोचतच नाही. आईला आधीच कुठलं तरी अँटिबायोटिक दिलेलं असतं, मग कल्चर निगेटिव्ह येतं. छोट्या हॉस्पिटलांत कल्चरची सोयच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार या जंतूमुळे जगात दरवर्षी जवळपास एक लाख बाळं दगावतात आणि किमान ४६ हजार मृत जन्मतात. यात आपला वाटा शून्य असणं शक्य नाही. पण खरा आकडा मोजलेल्याच्या तिप्पट धरला, तरी पहिल्या नंबरवर कोण आहे ते बदलत नाही.

आणि आईला औषध दिलं की बाळ वाचतं हे समीकरण जसंच्या तसं इथे चालतं का, हेही तपासून झालंय. दक्षिण आफ्रिकेतल्या सोवेटोत बाळंतपणाच्या वेळी क्लोरहेक्सिडीनने योनिमार्ग पुसून बघितला, बाळांचा सेप्सिस कमी झाला नाही. मग त्याहून मोठा प्रयोग झाला, ए-प्लस. सात देश, २९ हजारांहून जास्त स्त्रिया, भारतातलं एक केंद्र बेळगावला आणि दुसरं आपल्या नागपूरला. कळा सुरू झाल्यावर आईला अ‍ॅझिथ्रोमायसिनचा दोन ग्रॅमचा एकच डोस. २०२३ मध्ये निकाल आला. आईचा सेप्सिस किंवा मृत्यू २.४ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आला. ही मोठीच गोष्ट आहे आणि तिची बातमी व्हायला हवी होती. पण बाळांचं काय? औषध घेतलेल्या गटात मृतजन्म, नवजात मृत्यू किंवा सेप्सिस १०.५ टक्के, नुसती साधी गोळी घेतलेल्या गटात १०.३ टक्के. फरकच नाही. अ‍ॅझिथ्रोमायसिन हे क्लेबसिएलासारख्या जंतूंवरचं धारदार हत्यार नाही, हे मान्य. तरी हा निकाल आपल्याला काहीतरी सांगतोय. आईला स्वच्छ करून बाळ वाचत नसेल तर घाण आणखी कुठेतरी आहे.

कोडमध्ये बग असला की ज्युनियर माणूस आधी इनपुटला दोष देतो. युजरने चुकीचं काहीतरी टाकलं असणार. सीनियर माणूस विचारतो, सर्व्हर बघितलास का?

सर्व्हर म्हणजे लेबर रूम. गेल्या वीस वर्षांत आपण काय केलं ते आठवा. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, आशाताई दारोदार गेल्या, गाड्या आल्या, पैसे आले, 'घरी बाळंतपण नको' हे पार वाडीवस्तीपर्यंत पोहोचलं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत जवळपास ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. हे यश आहे, त्यात माझ्या मनात काही शंका नाही. पण ज्यांना आपण समजावून, बाबापुता करून, कधी दटावून दवाखान्यात आणलं, त्यांना एका टेबलावरून दुसरीला उतरवून तिसरीला चढवणारी खोली देणं, हा करार मोडणं आहे. २०१७ मध्ये केंद्राने 'लक्ष्य' नावाचा कार्यक्रम खास लेबर रूम सुधारण्यासाठी काढला. म्हणजे दुखणं कुठे आहे हे सरकारलाही माहीत आहे. ते माहीत नाही फक्त पॅकेजच्या ब्रोशरला.

हा प्रश्न नवा नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइसने बघितलं की डॉक्टर आणि विद्यार्थी असलेल्या वॉर्डात बाळंतिणी सुईणींच्या वॉर्डापेक्षा कितीतरी जास्त मरतात. कारण डॉक्टर शवविच्छेदन करून थेट बाळंतपणाला यायचे. क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि मृत्यू झपाट्याने घटले. त्याच्या वरिष्ठांना ते पटलं नाही. रोग हवेत आहे, बाईच्या प्रकृतीत आहे, तिच्या भीतीत आहे, काहीही चालेल, फक्त आमच्या हातांवर नको. पावणेदोनशे वर्षं झाली.

या सगळ्यात मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? दोष कुणाच्या पदरात पडतो याची. बाळ आयसीयूत गेलं, डॉक्टर म्हणाले इन्फेक्शन आहे, की बाहेरच्या बाकड्यावर पहिला प्रश्न येतो: हिला काही होतं का? हिने काय खाल्लं? पाणी केव्हा गेलं ते हिने लगेच सांगितलं का? ज्या घरांत बाळंतिणीची दहा दिवसांची सुवेर अजून पाळतात, तिथे अपवित्र काय आहे हे आधीच ठरलेलं असतं. लॅबचा रिपोर्ट फक्त त्यावर लेटरहेड चढवतो. "तुझ्यातूनच गेलं ना त्याला" हे वाक्य एकदा घरात बोललं गेलं की ते आयुष्यभर राहतं. आणि डेनिसचे आकडे हातात घेऊन बघितलं तर बहुतेक वेळा ते वाक्य खोटं असतं.

उलट जिथे खरंच बाईला तपासायला हवं होतं तिथे आपण कधी तपासलं? १९८९ मध्ये राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रिया तपासल्या. ९२ टक्के स्त्रियांना कुठला ना कुठला स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या किती? आठ टक्के. म्हणजे बाई आजारी असते तेव्हा तिच्याकडे बघत नाही, आणि तिच्या पोटात वारस आला की स्वॅब घेऊन धावतो.

आता पॅकेजमधल्या त्या स्वॅबकडे वळू, कारण तो नीट केला तर चांगलाच आहे. नीट म्हणजे कसा? एकच काडी आधी योनीच्या बाहेरच्या भागातून आणि मग गुदद्वारातून फिरवायची. ती थेट प्लेटवर न घासता एका खास ब्रॉथमध्ये, म्हणजे या जंतूला वाढवणाऱ्या द्रवात, १८ ते २४ तास ठेवायची, मग प्लेटवर घालायची. ब्रॉथ नसेल किंवा गुदद्वारातून नमुनाच घेतला नसेल तर कितीतरी पॉझिटिव्ह निसटतात. आपल्याकडे अनेक ठिकाणी हाय व्हजायनल स्वॅब घेतला जातो आणि साध्या प्लेटवर जातो. ती चाचणी वेगळ्या कामासाठी आहे. 'निगेटिव्ह' आलं की बिल होतं, समाधान होतं आणि बाकी काहीच होत नाही.

शिवाय रिपोर्ट येणं म्हणजे उपचार होणं नव्हे. माझ्या मावसबहिणीचं बाळंतपण पुण्यातल्या एका मोठ्या खाजगी हॉस्पिटलात झालं. तिने ३६व्या आठवड्यात स्वॅब दिला. रिपोर्ट हॉस्पिटलच्या अ‍ॅपवर पीडीएफ म्हणून आला: पॉझिटिव्ह. ताईने तो डॉक्टरांना दाखवला, त्यांनी ओपीडीच्या कागदावर लिहून ठेवला. दहा दिवसांनी रात्री साडेबाराला तिचं पाणी गेलं. लेबर रूममध्ये फाइल नवी. ओपीडीचे कागद दुसऱ्या इमारतीत, ते सकाळी नऊला उघडतात. अ‍ॅप पेशंटसाठी, ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर तो रिपोर्ट दिसत नव्हता. ताई कळा सोसत मोबाइल पुढे करतेय, "ओ सिस्टर, हे बघा ना, यात पॉझिटिव्ह आहे." सिस्टर म्हणाल्या, "मॅडम सकाळी येतील, त्यांना दाखवा." शेवटी जिजूंनी आवाज चढवला तेव्हा पेनिसिलिन लागलं, बाळ यायच्या दीड तास आधी. औषधाला बाळापर्यंत पोहोचून नीट काम करायला चार तास हवे असतात. त्यामुळे भाचा दोन दिवस आयसीयूत देखरेखीखाली, ब्लड कल्चर, सलाइन, वेगळं बिल. सुदैवाने तो ठणठणीत निघाला.

मी दिवसभर अलर्टिंगवर काम करते. सर्व्हर पडला की रात्री तीनला कुणाचा फोन वाजला पाहिजे हे ठरवणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे. कुणाचाच फोन वाजत नसेल तर तो अलर्ट नाही, ती नुसती नोंद आहे. एका शॉपिंग साइटसाठी आपण हे करू शकतो. बाळंतपणासाठी करत नाही, कारण नोंद विकता येते आणि फोन उचलणारा माणूस ठेवायला पगार लागतो.

आणखी एक विसंगती. याच सर्वेक्षणात देशातल्या खाजगी रुग्णालयांत सुमारे ४७ टक्के बाळंतपणं सिझेरियनने झाल्याचं दिसतं. कळा सुरू होण्याआधी, पाणी जाण्याआधी ठरवून सिझेरियन केलं तर जीबीएससाठी वेगळं पेनिसिलिन द्यायची गरजच नसते. चाचणी तरी करून ठेवावी, कारण कळा तारखेआधीही सुरू होऊ शकतात, हे बरोबर आहे. पण ज्या हॉस्पिटलात तारीख-वार बघून सिझेरियन ठरतात तिथेच स्वॅबची सगळ्यात जास्त जाहिरात व्हावी, हे मजेशीर आहे.

गरोदरपणात करायची जी जुनी, स्वस्त, कंटाळवाणी जंतूंची तपासणी आहे तिचं कुणी रील करत नाही. उदाहरणार्थ लघवीचं कल्चर. काहीच त्रास नसताना लघवीत जंतू असणाऱ्या गरोदर स्त्रिया पुष्कळ असतात, आणि दुर्लक्ष केलं तर मूत्रपिंडापर्यंत संसर्ग जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये कल्चर करा असं सांगितलं. आपल्याकडे 'युरिन रूटीन' होतं आणि सगळ्यांना वाटतं झालं. रूटीन म्हणजे कल्चर नव्हे. गंमत म्हणजे लघवीत जीबीएस सापडला तर पुढे स्वॅबची गरजच राहत नाही, कळांमध्ये थेट पेनिसिलिन द्यायचं असतं.

आणि सिफिलिस. हा शब्द आला की वाचक अस्वस्थ होतात, म्हणूनच लिहिते. गरोदर आईच्या सिफिलिसवर उपचार झाले नाहीत तर निम्म्याहून जास्त गरोदरपणांत काहीतरी वाईट घडतं: मृत बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, जन्मतः आजारी बाळ. बोटातून रक्ताचा एक थेंब घेऊन चाचणी होते. उपचार म्हणजे बेंझाथिन पेनिसिलिनचं २४ लाख युनिटचं इंजेक्शन, सुरुवातीच्या अवस्थेत एकच. अट एवढीच की ते वेळेत द्यायचं आणि नवऱ्यालाही द्यायचं. नवऱ्याला द्यायचं म्हटलं की अडतं. स्वॅब बाईचा घेणं सोपं असतं, नवऱ्याला दवाखान्यात बोलावणं अवघड.

नुसती चाचणी कशी कमी पडते हे बघायचं असेल तर पुन्हा अमेरिकेकडेच बघा. ज्या देशाने जीबीएस एवढा खाली आणला, तिथे २०२२ मध्ये ३,७०० हून जास्त बाळं जन्मजात सिफिलिस घेऊन आली, दहा वर्षांपूर्वीच्या दहापटीहून जास्त. सीडीसीनेच सांगितलं की वेळेवर चाचणी आणि उपचार झाले असते तर यातली दहापैकी नऊ टळली असती. चाचणी जुनी, औषध जुनं, पैसे भरपूर. ज्यांच्याकडे विमा नाही, पत्ता नाही, त्या बायका व्यवस्थेच्या बाहेर राहिल्या. आणि श्रीलंका? २०१९ मध्ये आईकडून बाळाला होणारा सिफिलिस आणि एचआयव्ही संपवल्याचं प्रमाणपत्र त्या देशाला मिळालं. तिथली सरकारी सुईण घरोघरी जाऊन प्रत्येक गरोदर बाईची नोंद करते आणि शेवटपर्यंत तिचा माग सोडत नाही. वहिनी न्यू जर्सीऐवजी कोलंबोत असती तर आपल्या ग्रुपवर काय मेसेज आला असता, असा विचार मनात येतो.

श्रीलंकाही लांब वाटत असेल तर पुन्हा गडचिरोली. १९९५ ते १९९८ या काळात अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत तयार केल्या. गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायका. बाळाला तपासायचं, ऊब द्यायची, सेप्सिसची लक्षणं ओळखायची आणि गरज पडली तर जेंटामायसिनचं इंजेक्शन स्वतः द्यायचं. १९९९ मध्ये लॅन्सेटमध्ये निकाल आला: नवजात मृत्युदर दर हजारी ६२ वरून २५.५ वर. एकाही आईचा स्वॅब न घेता. बाळाकडे बघणारं, धुतलेल्या हातांचं, जबाबदार माणूस त्या घरात वेळेवर पोहोचलं होतं.

"म्हणजे स्वॅब करू नका म्हणतेस का?" असं ताईने हा लेख वाचून विचारलं. नाही. तुम्हाला परवडत असेल, लॅब ब्रॉथ वापरत असेल, तर जरूर करा. माझं म्हणणं देशाच्या रांगेबद्दल आहे. २०२० मध्ये आपल्याकडे दर हजार जन्मांमागे २० बाळं पहिल्या महिन्यात गेली. वर्षाला दोन कोटींहून अधिक जन्म आहेत, गुणाकार तुम्हीच करा. त्यांच्यासाठी पुढचा रुपया कुठे टाकायचा असेल तर तो आधी लेबर रूमच्या नळात, साबणात, नर्सच्या रिकाम्या पदांत, बाळाच्या ब्लड कल्चरच्या बाटलीत टाका. मग सिफिलिसची चाचणी आणि नवऱ्याचं इंजेक्शन. मग लघवीचं कल्चर. मग स्वॅब. पुढेमागे जीबीएसची लस आली तर ही रांग बदलेल, तिच्यावर काम चालू आहे.

आणि पॅकेजवाल्यांकडे माझी एकच मागणी आहे. रेटकार्डाच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, दर महिन्याला एक कागद लावा: या महिन्यात इथे किती बाळं जन्मली, पहिल्या ७२ तासांत किती बाळांचं ब्लड कल्चर पॉझिटिव्ह आलं, त्यात कुठला जंतू होता, तो कुठल्या औषधांना दाद देत नव्हता. ही माहिती तुमच्या लॅबच्या सिस्टिममध्ये आहेच. क्वेरी लिहून हवी असेल तर मी फुकट लिहून देते.

तोवर, ज्यांचा आठवा-नववा महिना चालू आहे त्यांच्यासाठी. नाव नोंदवायला जाल तेव्हा स्वॅब कुठल्या दोन जागांहून घेणार आणि ब्रॉथमध्ये ठेवणार का, हे विचारा. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर रात्री दोन वाजता लेबर रूममध्ये तो कुणाला दिसेल, हे विचारा. त्याचा प्रिंट काढून फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहा, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर तेही. पाणी गेलं की कळांची वाट न बघता निघा. आणि खोली दाखवायला नेतील तेव्हा एसी आणि सोफा कम बेड बघून झाला की लेबर रूमकडे जा. आत सोडणार नाहीत. दारातूनच विचारा, हात धुवायचा नळ कुठे आहे आणि तो कोपराने उघडतो का.